मदत हवी आहे: डॅलसजवळच्या गन शोमध्ये खरंच स्वस्तात काही मिळतं का?

फ्रिस्कोकर
नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये राहतो, ग्रीनकार्ड आहे, ड्रायव्हिंग लायसन्स इथलंच. क्ले शूटिंगसाठी (हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी) एक जुनी १२ गेजची (गेज म्हणजे नळीचं माप) पंप शॉटगन आणि सरावाला एक .२२ रायफल हवी आहे. दोन्ही मिळून सहाशे डॉलरच्या आत बसवायचं आहे. पंधरा दिवसांनी जवळच्या फेअरग्राउंडवर गन शो (बंदुकांचं विक्री-प्रदर्शन) आहे: तिकीट १५ डॉलर, पार्किंग १०. दुकानापेक्षा तिथे खरंच भाव कमी असतो की नुसती जत्रा? जुन्या बंदुकीत काय तपासायचं? आणि आईबाबा सध्या बी-२ (पर्यटक) व्हिसावर आले आहेत, त्यांना शो बघायला नेलं तर चालेल का?

हिशेबी
नवी बंदूक घ्यायची असेल तर गन शो तोट्याचा, जुनी घ्यायची असेल तर जाण्यासारखा.

नव्या मालात सगळेच विक्रेते त्याच दोन-चार घाऊक वितरकांकडून उचलतात. नफा मुळात कमी, त्यावर टेबलाचं भाडं, मग ते स्वस्त देणार कुठून? उदाहरणादाखल रुगर १०/२२ ही .२२ रायफल घ्या. दुकानात ३०० ची असेल तर टेक्सासचा कमाल विक्रीकर सव्वाआठ टक्के धरून ३२५ पडतात. शोमध्ये २८९ ची चिठ्ठी दिसली की माणूस हुरळतो. कर धरून ३१३, कार्डावर तीन टक्के जास्त लावले की ३२२, तिकीट आणि पार्किंगचे २५ मिळवले की ३४७. पेट्रोल अजून धरलेलंच नाही. म्हणून भाव विचारताना चिठ्ठीवरचा आकडा सोडा, 'आउट द डोअर किती?' (सगळं धरून किती) हाच प्रश्न विचारा आणि रोकड जवळ ठेवा.

काडतुसांचा भाव खोक्यावर बघू नका, नगावर बघा. .२२ चं ३२५ नगांचं खोकं ३० डॉलरला म्हणजे नग सव्वानऊ सेंट. ५०० नगांचं खोकं ३५ ला म्हणजे सात सेंट. दोन्ही खोकी टेबलावर सारख्याच आकाराची दिसतात, आणि विक्रेत्याला तेच हवं असतं. निघण्यापूर्वी ऑनलाइन भाव नगाप्रमाणे कागदावर लिहून घ्या. हॉलमध्ये फोनला रेंज मिळेलच असं नाही.

शोमध्ये खरी बचत होते ती कुरियरला जड किंवा धोकादायक पडणाऱ्या मालात. १२ गेजच्या २५० काडतुसांची पेटी पंचवीस पौंडांच्या पुढे भरते, त्यामुळे ऑनलाइन भाव कमी असला तरी पाठवणावळ तो खाऊन टाकते. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांच्या पावडर (बारूद) आणि प्रायमरवर (बारूद पेटवणाऱ्या टोप्या) तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं. एक-दोन डबेच हवे असतील तर ते शुल्क वाचणं हीच मोठी सूट. डबा मात्र कारखान्याच्या सीलचा हवा. उघडलेल्या डब्यात लेबलावरचीच पावडर आहे याची खात्री कोण देणार? पावडरीला आंबूस वास येत असेल किंवा तांबूस भुकटी दिसत असेल तर ती बिघडलेली आहे.

प्लास्टिकच्या पिशवीत घरी भरलेली काडतुसं फुकट दिली तरी घेऊ नका. भरताना दुप्पट पावडर पडली असेल तर बाहेरून कळत नाही, बंदूक फुटल्यावर कळतं.

छर्रा
शनिवारी सकाळी निवड, रविवारी दुपारी दोननंतर भाव. दोन्ही एकदम मिळत नाही. उरलेलं गाडीत परत चढवायचा कंटाळा आला की विक्रेते नरम येतात, पण हा नियम जुन्या मालाला आणि पेट्यांना. नव्या ग्लॉक पिस्तुलावर कोणी दहा डॉलरपेक्षा जास्त सोडत नाही. बाकी अर्ध्या हॉलमध्ये बीफ जर्की, चाकू, टी-शर्ट आणि नामवंत कंपन्यांच्या साइटच्या (नेम धरायच्या दुर्बिणी वगैरे) चिनी नकला. तिथे थांबू नका.

नियम_आधी
आधी आईबाबांचं. नुसतं बघायला नेलं तर हरकत नाही, पण टेबलावरची बंदूक त्यांच्या हातात देऊ नका. बी-२, एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघीय कायद्याने मना आहे. सर्वसामान्य माणसाला लागू पडेल असा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. 'नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची घेतली तर काय होतंय' असं आपल्या मंडळींत सर्रास म्हणतात, पण तीही या मनाईतून सुटत नाही. घरात असे पाहुणे असतील तर बंदूक कुलपात आणि किल्ली तुमच्याकडे.

ग्रीनकार्डवर घेता येते. लायसन्स असलेल्या विक्रेत्याकडून शॉटगन-रायफलला वय १८, पिस्तुलाला २१. अशा विक्रेत्याला शोमध्येही दुकानासारखंच वागावं लागतं: फॉर्म ४४७३ (खरेदीदाराचा संघीय फॉर्म) भरून घ्यायचा आणि एफबीआयच्या निक्स यंत्रणेत खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासायची. 'शोमध्ये कागद लागत नाहीत' ही समजूत चुकीची आहे. कागद लागत नाहीत ते खासगी माणूस आपल्या संग्रहातली बंदूक विकतो तेव्हा, आणि तेही टेक्साससारख्या राज्यात. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क इथे खासगी व्यवहारालाही तपासणी लागते. कॅलिफोर्नियात तर १० दिवसांची वाट, जुलै २०२४ पासून ११ टक्के जादा कर, आणि राज्याच्या मालकीच्या जागेवर बंदुका विकायलाच बंदी.

सोबत काय न्यायचं: चालू पत्ता असलेलं फोटो ओळखपत्र आणि ग्रीनकार्ड, कारण फॉर्मवर त्यावरचा एलियन नंबर लिहावा लागतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद लागतो, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन.

आता नेमकी गोम. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशन नोंदही तपासली जाते, त्यामुळे 'डिलेड' असं उत्तर येणं नेहमीचंच. निकाल आलाच नाही तर संघीय नियमाने कामकाजाचे तीन दिवस उलटल्यावर विक्रेता बंदूक देऊ शकतो, पण द्यायलाच हवी असं बंधन नाही. शनिवारी अडकलेली तपासणी म्हणजे गुरुवार उजाडतो. तोवर शो उठलेला असतो आणि तुमची बंदूक विक्रेत्याच्या दुकानात गेलेली असते. ते दुकान दूर लबक शहरात असलं तर वाचवलेले चाळीस डॉलर पेट्रोलमध्ये जातील. भाव ठरवण्याआधी विचारायचं: दुकान कुठे आहे, आणि डिलेड आलं तर पैसे परत मिळतील का.

फॉर्मवर खोटं काही लिहू नका. त्यातला गांजा घेता का हा प्रश्न संघीय कायद्याप्रमाणे आहे, राज्यात मोकळीक असली तरी. मित्रासाठी त्याच्या पैशाने आपल्या नावावर बंदूक घेणं हा गंभीर गुन्हा आहे. स्वतःच्या पैशाने खरीखुरी भेट म्हणून घेतलेली चालते, फक्त भेट घेणाऱ्याला बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नसावी. ग्रीनकार्डधारकाला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देश सोडायची वेळ येऊ शकते, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितोय.

जुनं_लोखंड
तुमच्या बजेटात रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० बसते. ८७० मध्ये एक्सप्रेस आणि विंगमास्टर असे दोन प्रकार जास्त दिसतील. एक्सप्रेसचं बाहेरचं फिनिश खरखरीत, गंज लवकर धरतं. काहींच्या चेंबरलाही (काडतूस बसतं ती जागा) आतून चांगली सफाई नसते, त्यामुळे पोलादी बुडाची स्वस्त काडतुसं उडवल्यावर आत चिकटतात आणि पंप मागे ओढला जात नाही. जुनी वापरलेली विंगमास्टर साठ-सत्तर डॉलर जास्त देऊनही परवडते.

हातात घेण्याआधी विचारा. प्रवेशद्वारावर बंदुकांना प्लास्टिकची पट्टी बांधलेली असते, ती विक्रेत्यालाच काढू द्या. आधी चेंबर आणि मॅगझिनची (काडतुसं भरून ठेवायची) नळी, दोन्ही रिकामी आहेत ना ते डोळ्याने आणि बोटाने बघा.

नळी काढून छताच्या दिव्याकडे धरा. आत प्रकाशाच्या कड्या एकसारख्या दिसायला हव्यात. मध्येच एखादं गडद कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे, म्हणजे कधीतरी आत काही अडकलेलं असताना बार उडवलाय. अशी बंदूक कितीही स्वस्त असली तरी खाली ठेवा. नळी काढलीच आहे तर पुढच्या लाकडाखालची मॅगझिनची नळी बघा. लोक बाहेरून तेल पुसतात, तिथे पुसत नाहीत. खड्डे पडलेला गंज आणि वरवरची लाली यात फरक आहे: लाली बारीक स्टीलवूल आणि तेलाने जाते, खड्डे जात नाहीत.

८७० च्या रिसीव्हरमध्ये (बंदुकीची मधली पोलादी पेटी) दोन्ही बाजूंना काडतूस अडवणाऱ्या पट्ट्या असतात. त्या ठोकून बसवलेल्या असतात. बोटाने हलवून खुळखुळल्या तर एकामागून दुसरं काडतूस निसटून बंदूक अडकणार, आणि त्या परत ठोकायला खास हत्यार लागतं. विक्रेता हो म्हणाला तर डमी काडतुसं घालून चार-पाच वेळा पंप चालवून बघा.

जुन्या १२ गेज विंगमास्टरच्या अनुक्रमांकात शेवटी 'व्ही' असेल तर ती पावणेतीन इंची काडतुसांची, 'एम' असेल तर तीन इंची मॅग्नमची. क्ले शूटिंगला पावणेतीनच लागतात, त्यामुळे 'व्ही' पाहून भाव पाडून मागा. चोक, म्हणजे नळी तोंडाशी किती आवळलेली आहे, तो नळीवर कोरलेला असतो. 'फुल' असेल तर क्लेसाठी फारच आवळ; 'इम्प्रूव्ह्ड सिलिंडर' किंवा 'मॉडिफाइड' हवा. पेचाचा चोक बदलता येणारी 'रेम चोक' नळी मिळाली तर उत्तमच. अक्षरं पुसली असतील तर नळीच्या तोंडावर डाइमचं (दहा सेंटचं) नाणं ठेवा: वर राहिलं तर बहुधा फुल, आत उतरलं तर त्याहून मोकळा. हे अंदाजापुरतं. नुसती दुसरी नळी घ्यायला निघालात तर दीडदोनशे जातात आणि स्वस्ताई संपते.

पुन्हा पॉलिश करून विकलेली ओळखायची असेल तर कोरलेली अक्षरं बघा. कडा गोलसर झाल्या असतील, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा असेल तर घासून नवा रंग दिलाय. गंजाचे खड्डे लपवायलाच बहुतेकदा हे करतात.

.२२ मध्ये मार्लिन ६० जुनी मिळाली तर चांगली. तिच्या चेंबरच्या कडेला, पिनचा ठोका बसतो तिथे टॉर्च मारून बघा. रिकामा चाप ओढत राहिल्याने तिथे खळी पडते आणि मग काडतूस नीट बसत नाही की निघत नाही. म्हणून अशा रायफलचा चाप विचारल्याशिवाय ओढू नका. नळीच्या तोंडाची कडही बघा; पुढून गज घालून साफ केलेल्या रायफली तिथेच झिजतात. मॅगझिनची आतली पितळी नळी वाकलेली नको. मागचा प्लास्टिकचा बफर (धक्का झेलणारा तुकडा) तडकलेला निघणं नेहमीचं, तो दहा डॉलरच्या आत बदलतो, त्यावर घासाघीस जरूर करा. आणि नळ्यांवर सापाच्या कातडीसारखी नक्षी असलेली जुनी दुनळी 'आजोबांची' म्हणून कोणी देऊ केली तर ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे. ती दमास्कस नळी, आजच्या काडतुसांसाठी नाही.

चौथा_फेरा
जवळचा शो छोटा निघाला तर ओक्लाहोमातल्या तुलसाचा वॉनेनमाकर्स शो एकदा बघा. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरात, चार हजारांवर टेबलं. संग्राहकांचा माल आणि बंद पडलेल्या मॉडेलांचे सुटे भाग तिथे मिळतात. पण राज्य बदलतं हे विसरू नका. तिथल्या लायसन्सवाल्या विक्रेत्याकडून टेक्सासच्या रहिवाशाला रायफल-शॉटगन घेता येते, पिस्तूल मात्र टेक्सासमधल्या लायसन्सवाल्या दुकानात पाठवून तिथून उचलावं लागतं, आणि ते दुकान त्याचे वेगळे पैसे घेतं. खासगी विक्रेता परराज्यातल्या माणसाला थेट काहीच विकू शकत नाही.

फ्रिस्कोकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांना शोला नेतच नाही, घरी कॅरम बरा. दोन शंका. टेक्सासमधल्याच खासगी माणसाकडे चांगली ८७० दिसली तर घ्यावी का? आणि 'व्ही' वाल्या बंदुकीला पुढे तीन इंची रेम चोक नळी लावता येईल का?

नियम_आधी
दोघेही टेक्सासचे रहिवासी असाल तर कायदेशीर आहे. पण बंदूक चोरीची निघाली तर ती जप्त होते आणि पैसेही जातात. सगळ्यात सोपं म्हणजे त्याच हॉलमधल्या लायसन्सवाल्या विक्रेत्याच्या मार्फत ट्रान्सफर करून घ्या. वीस-चाळीस डॉलर जातील. निदान नाव, पत्ता, मॉडेल आणि नंबर लिहिलेली सहीची पावती तरी घ्या. विकणारा सही द्यायला कां कूं करत असेल तर पुढच्या टेबलाकडे वळा. आणि पुढे नेहमी खरेदी करणार असाल तर टेक्सासचं लायसन्स टू कॅरी (पिस्तूल सोबत बाळगायचा परवाना) काढून ठेवा. फॉर्म ४४७३ भरावा लागतोच, पण दर वेळी निक्सची वाट बघावी लागत नाही.

एक सांगायचं राहिलं: रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. तळाशी विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्सरेत दिसलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अडकाल.

जुनं_लोखंड
नळी बसेल, काडतुसं मात्र पावणेतीन इंचीच घालायची. 'व्ही' रिसीव्हरमधला टरफल बाहेर फेकणारा इजेक्टर पावणेतीन इंची टरफलासाठीचा असतो, तीन इंची टरफल तिथे अडकतं.