बी विंगच्या गच्चीवर मुलं काय करतायत?

जोशी काकू, बी-५०१: नमस्कार. सकाळी सातपासून चार मुलं गच्चीवरच्या टाकीपाशी बादल्या आपटतायत. आमच्या डोक्यावरच आहे ते. सगळी दहावीची आहेत, मी ओळखते. अभ्यास सोडून हे काय चाललंय? आईवडिलांना कल्पना आहे का?

गोखले काका, ए-२०१: गच्चीची किल्ली कोणी दिली?

मानसी पाटील, सी-१०४: काकू, त्यात आमचा ओंकार आहे. मला माहीत आहे. आवाजाबद्दल सॉरी, सांगते त्यांना. जलसुरक्षेचा प्रकल्प आहे. सोसायटीत पाणी किती येतं, वाया किती जातं ते मोजतायत.

जोशी काकू: प्रकल्प काय, सगळे बघूनच लिहितात. आमच्या नातीनेही तसाच लिहिला, अ श्रेणी मिळाली तिला.

कदम, ए-६०३: स्पष्ट बोलतो, राग नको. फेब्रुवारीत बोर्ड, त्याआधी पूर्वपरीक्षा. जलसुरक्षेला नुसती श्रेणी असते, टक्केवारीत धरत नाहीत. गणित-विज्ञान धरतात. अकरावीचं कॉलेज टक्क्यांवर मिळतं. म्हणून आमच्या श्रेयाला मी पाठवलं नाही.

मानसी पाटील: कदम भाऊ, रविवारचे दोन तास आहेत हो. मोबाइल बघत बसला असता तर कुणी ग्रुपवर लिहिलं नसतं.

गोखले काका: किल्लीचं उत्तर आलेलं नाही.

सबनीस बाई, सी-३०२: कदम, श्रेयाचं भूगोलाचं पुस्तक घ्या हातात. पहिलाच धडा 'क्षेत्रभेट'. नळदुर्गहून अलिबागपर्यंतची सहल दिली आहे त्यात. स्वाध्यायात प्रश्नावली तयार करा, अहवाल लिहा, असे प्रश्न आहेत. मी हा विषय शिकवला आहे. मुलं 'नोंदवही, टोपी, प्रथमोपचार पेटी' अशी साहित्याची यादी तोंडपाठ करतात आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. दरवर्षी जीव तुटायचा माझा. इतिहासाच्या पुस्तकातही आता संग्रहालयं, पर्यटन, ऐतिहासिक ठिकाणांचं जतन हे सगळं आहे, तेही बाकावर बसूनच संपवतात. ही मुलं खरीखुरी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरली. मला विचारलं, "आजी, भांडी घासताना नळ चालू असतो का तुमचा?" उत्तर देताना मी अडखळले. हे धड्यात बसून होत नाही.

देसाई, ए-१०२: बाई 🙏 अगदी बरोबर.

शेख, बी-३०४: पाण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एप्रिलमध्ये टँकरचे पैसे तिन्ही विंगना सारखे लावले. ए विंगला दोन टँकर जास्त गेले, त्याचं काय झालं?

देसाई: ए विंगमध्ये माणसं जास्त आहेत, शेखसाहेब. आणि गाड्या कोण धुतं पाइप लावून, तेही ग्रुपला माहीत आहे.

शेख: नाव घेऊन बोला.

तांबे, सी-५०२: दहावीच्या मुलांना बोलवा, दोन्ही बाजूंची चाचणी घेतील. ८० लेखी, २० तोंडी 😀

गोखले काका: विषय भरकटतोय. माझा प्रश्न साधा आहे. किल्ली कोणी दिली?

राजे, सेक्रेटरी: किल्ली मी दिली. मुलांनी रीतसर अर्ज लिहून आणला होता, सगळ्यांच्या पालकांच्या सह्यांसकट. वॉचमन शिंदे पूर्ण वेळ बरोबर आहेत. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, हे बजावलंय. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, मोठी माणसंही गुदमरतात. गोखले काका, उत्तर मिळालं असावं.

गोखले काका: मॅनेजिंग कमिटीच्या ठरावाशिवाय?

मानसी पाटील: ओंकार माझ्या फोनवरून लिहितोय 👇

नमस्कार. बी विंगची टाकी भरली तरी पंप आपोआप बंद होत नाही. आतला फ्लोट स्विच अडकतो, शिंदे काका येऊन हाताने बंद करतात. तोवर ओव्हरफ्लोचं पाणी गच्चीवर पडतं. आम्ही पाइपाखाली २० लिटरची बादली लावली, ५० सेकंदांत भरली. चुकायला नको म्हणून तीन वेळा मोजलं. म्हणजे मिनिटाला २४ लिटर. आज पंप ४० मिनिटं जास्त चालला, ९६० लिटर गेले. शिंदे काका म्हणतात, संध्याकाळीही जवळपास असंच होतं. दोन्ही वेळचं धरलं तर रोज १९२० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्या हिशोबाने १४ माणसांचं पाणी रोज वाया जातंय. साधारण पाच दिवसांत १० हजार लिटरचा एक टँकर. बादल्यांचा आवाज झाला त्याबद्दल जोशी आजी सॉरी.

शेख: पाच दिवसांत एक टँकर??

देसाई: आणि एप्रिलमध्ये आपण भांडत बसलो.

जोशी काकू: थांबा. रात्री गच्चीवर पाणी पडल्याचा आवाज येतो, हे मी मागच्या मीटिंगला सांगितलं होतं. राजे, ते मिनिट्समध्ये लिहिलंत का? तेव्हा "काकू, पाऊस असेल" म्हणून हसलात सगळे.

राजे, सेक्रेटरी: काकू, नोंद आहे. पाठपुरावा राहिला.

जोशी काकू: राहिला म्हणजे काय? एका बादलीने जे कळलं ते कमिटीला कळू नये? ओंकार, खाली ये रे बाळा, सगळे या. उपमा टाकलाय.

गोखले काका: ठरावाचा मुद्दा तसाच आहे.

कदम: आकडे चांगले आहेत, मान्य. पण रोजचं सांगताना एका दिवसाच्या मोजणीवर थांबू नये. निदान आठवडाभर मोजा. पंप कधी सुरू, कधी बंद, याची वेळ शिंदेंना वहीत लिहायला सांगा. सरासरी काढा, आलेख काढा. दहावीला संख्याशास्त्राचं प्रकरण आहेच.

सबनीस बाई: कदम, हेच तर मुलांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

मानसी पाटील: भाऊ, पुढच्या रविवारी ए विंगची टाकी आहे. आलेखासाठी मुलांनी श्रेयाचंच नाव घेतलं होतं.

कदम: येईल ती. दहापर्यंतच, नंतर क्लास आहे. कठड्याजवळ कोणी जायचं नाही. मीही वर येतो.

राजे, सेक्रेटरी: सूचना. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय. बी विंगचं पाणी ९ ते ११ बंद राहील, भरून ठेवावं. मुलांनी दुरुस्तीआधीच्या नोंदी आज संध्याकाळी घेऊन ठेवाव्यात. किल्ली माझ्याकडे आहे.