१९८० ला आशियात दुसरे, मग २०२५ ला 'पहिल्यांदाच पात्र' कसे? भारतीय महिला फुटबॉलबद्दल

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या संघात लेफ्ट विंगला खेळते. २९ ऑगस्टला क्रीडा दिनानिमित्त तिला शाळेत पाच मिनिटं बोलायचंय आणि विषय तिनेच निवडलाय, भारताचा महिला फुटबॉल संघ. जुलैत आपण थायलंडला हरवलं त्याची कात्रणं तिने वहीत चिकटवून ठेवली आहेत. सगळ्यांत एकच आहे, 'पात्रता फेरी जिंकून भारत पहिल्यांदाच आशिया कपमध्ये'.

आता घरात पेच असा झालाय की माझ्या आतेसासूबाई ठाम सांगतात, "आपल्या मुली १९८० ला आशियात दुसऱ्या आल्या होत्या, केरळात स्पर्धा झाली होती." आणि मला स्वतःला आठवतंय की २०२२ मध्ये नवी मुंबईत आशिया कप झाला, त्यात आपला संघ होता. मग 'पहिल्यांदा' कसं? आणि ४५ वर्षांपूर्वी दुसरे होतो तर मध्ये गेलो कुठे? पोरगी रोज विचारते, मला नीट उत्तर देता येत नाही. कुणाला खात्रीने माहीत असेल तर सांगा, तिला शाळेत चुकीचं बोलायला लागू नये.

पार्क_चौक_फॉरवर्ड

ताई, दोन्ही खरं आहे. २०२२ ला आपण यजमान म्हणून थेट आत होतो, पात्रता खेळावी लागली नाही. आणि १९८० च्या सुमारास पात्रता फेरी हा प्रकारच नव्हता, जे संघ येतील ते खेळायचे. पात्रता फेरी जिंकून जाणं हे खरंच पहिल्यांदा घडलंय. माझं मत विचाराल तर भाषणात जुनं घेऊ नका. त्या स्पर्धा आशियाई महासंघाने भरवलेल्या नव्हत्या, मोजकेच संघ असायचे. मुलीला २०२५ वरच बोलू द्या.

पीटीच्या_बाई

पात्रतेचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण 'जुनं घेऊ नका' हे मला अजिबात पटत नाही. मी सोलापुरात मुलींना खेळ शिकवून निवृत्त झाले आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

महिलांची आशियाई स्पर्धा १९७५ ला हाँगकाँगमध्ये सुरू झाली. ती भरवायची आशियाई महिला फुटबॉलची वेगळी संघटना. त्याच वर्षी आपल्याकडेही मुलींसाठी वेगळा महासंघ निघाला, कारण पुरुषांचा कारभार बघणाऱ्यांनी मुलींचं फुटबॉल हाती घेतलंच नव्हतं. अशा दिवसांत जानेवारी १९८० ला कोझिकोडला स्पर्धा झाली. कागदोपत्री तिला १९७९ ची म्हणतात म्हणून तारखांचा घोळ होतो, तुमच्या मुलीला तेवढं सांगून ठेवा. इकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गडबड आणि तिकडे भारताने एक नाही, दोन संघ उतरवले होते! त्यातला एक अंतिम फेरीत गेला आणि तैवानकडून ०-२ ने हरला. तुमच्या आतेसासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं अगदी बरोबर आहे.

पुढे १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा क्रमांक. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, थायलंडकडून ०-३. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला, फुटबॉलमधल्या पहिल्या महिला. आज आशियाई महासंघ स्वतःच्या स्पर्धेचा इतिहास १९७५ पासूनच धरतो. मग आपणच का सोडायचा?

आता 'गेलो कुठे' याचं उत्तर. १९८६ ला महिलांचं फुटबॉल आशियाई महासंघाच्या छत्राखाली आलं. त्या वर्षी चीन पहिल्यांदा उतरला आणि जिंकला, आणि तिथून १९९९ पर्यंत सलग सात वेळा तोच जिंकत राहिला. भारत? १९८३ नंतर थेट १९९५ ला. मधल्या चारही स्पर्धांत आपण नाही. १९९१ ला फिफाचा पहिला महिला विश्वचषक चीनमध्ये झाला तेव्हाही आपण कुठे नव्हतो. जग मुलींच्या फुटबॉलवर पैसा आणि वेळ घालायला लागलं नेमकी तीच वर्षं आपण घालवली. १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत चीनने आपल्याला १६-० ने हरवलं, आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. तो आकडा सांगताना लोक मुलींना नावं ठेवतात, तेव्हा माझा जीव तुटतो. ज्यांना वर्षानुवर्षं सामनेच दिले नाहीत त्यांनी चीनसमोर करायचं काय?

हे मी पुस्तकातलं नाही, मैदानावरचं सांगते. माझ्या संघात बऱ्याच मुली पूर्व भागातल्या असायच्या. आईला विडीची पानं कापून द्यायची आणि मग मैदानावर यायचं. धावायला वाघिणी, एकमेकींना तेलुगूत हाका मारत खेळायच्या. पण वर्षाला सामना किती? शालेय स्पर्धेत पहिला हरलो की संपलं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत फक्त सराव. बचावातल्या मुलीची एक सवय असते, चेंडू उजवीकडे गेला की ती चेंडूकडेच बघत राहते आणि पाठीमागून तिची फॉरवर्ड निसटते. सरावात शंभरदा ओरडून सांगा, ही सवय जात नाही. सामन्यात दोन गोल खाल्ले की तिसऱ्यांदा ती आपोआप मान वळवते. मुलींना सामनेच मिळाले नाहीत तर ते शिकणार कधी?

राष्ट्रीय संघाचं तेच झालं. २००९ ला तर भारताचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच काढून टाकलं, कारण दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता.

करवीर_९

कोल्हापूरचा आहे, आमच्याकडे फुटबॉल म्हणजे सण. पण बाईंचं वाचून वाटलं की आमच्या शाहू स्टेडियमच्या गर्दीतल्या किती जणांना शांती मलिक हे नाव माहीत असेल. मलाही आजच कळलं. बाई, २००९ नंतर काय झालं तेही लिहा. बेमबेम देवींबद्दल लिहाच.

पार्क_चौक_फॉरवर्ड

बाई, सामन्यांचा मुद्दा मान्य. पण २०१० पासून दक्षिण आशियात आपण सगळं जिंकलो, भूतानला १८-० वगैरे. त्याचा आशियात काय उपयोग झाला? २०१४ ला इंचिऑनच्या आशियाई खेळांत मालदीवला १५-०, आणि लगेच दक्षिण कोरिया आणि थायलंड दोघांकडून ०-१०. सामने होते की!

पीटीच्या_बाई

होते, पण कुणाशी? तुम्ही दिलेलं इंचिऑनचं उदाहरणच बघा. १५-० च्या सामन्यात बचावाला चेंडूच येत नाही, मग तीन दिवसांनी कोरियाची फॉरवर्ड अंगावर आली की पाय थिजतात. बरोबरीच्या किंवा थोड्या वरचढ संघाशी खेळल्यावरच अंगात काही मुरतं.

तरी सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेतल्या, विजयांना मी कमी लेखणार नाही. २०१० पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा आपणच विजेते. क्रमवारीतून नाव काढलेल्या संघाने पुढच्याच वर्षी बांगलादेशात कॉक्स बाजारला विजेतेपद घेतलं, ही साधी गोष्ट नाही. आणि त्यातल्या सुरुवातीच्या विजयांच्या मागे बेमबेम देवी होत्या. मणिपूरच्या. १९९५ ला पंधराव्या वर्षी भारताकडून पहिला सामना खेळल्या आणि २०१६ ला शिलाँगच्या दक्षिण आशियाई खेळांत सुवर्णपदक घेऊनच थांबल्या. ज्या काळात संघाला वर्ष-वर्ष सामने नसत त्या काळात एक बाई वीस वर्षं स्वतःला तंदुरुस्त ठेवते, कशाच्या भरवशावर? त्यांना अर्जुन मिळाला २०१७ ला, निवृत्तीनंतर. पद्मश्री २०२० ला. करवीर, तुमच्या शाहू स्टेडियमवर त्यांचा एक फोटो लागला तर मी खास बघायला येईन.

पुढे फरक पडला तो २०१८-१९ पासून. संघाला तुर्कस्तानात वगैरे नेऊन सामने खेळवले आणि त्याचं फळ लगेच दिसलं. एप्रिल २०१९ ला म्यानमारमधल्या मंडालेत ऑलिम्पिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत इंडोनेशियाला २-० ने, नेपाळला ३-१ ने हरवलं आणि म्यानमारशी ३-३ बरोबरी. केवळ गोलफरकाने बाहेर. ऑलिम्पिक पात्रतेत त्याआधी आपण पहिल्या फेरीच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. २०२१ च्या नोव्हेंबरात तर ब्राझीलमध्ये जाऊन ब्राझीलशी खेळलो. १-६ हरलो, पण तो एक गोल मनीषा कल्याणचा, आणि पुढच्या वर्षी हीच मुलगी सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. भारतातली पहिली.

२०२२ बद्दल ताईंनी विचारलंय. त्याबद्दल लिहायला मला आजही जड जातं. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० झाला, आपण जिंकायलाच हवा होता असा सामना. २३ तारखेला, रविवारी, संध्याकाळी साडेसातला तैवानशी होता. मी आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी, एक आता स्वतः पीटी शिकवते, टीव्हीसमोर बसलो होतो. सामना सुरू व्हायच्या थोडं आधी कळलं की संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघालेत की नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूंची यादीसुद्धा देता येत नाही. सामना नाही. आणि नुसता तो सामना नाही असं नव्हे, भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणबरोबरचा निकालही रद्द. स्वतःच्या घरची स्पर्धा, पण नोंदीत आपल्या नावावर एकही सामना नाही! पीटी शिकवणारी ती पोरगी रडली हो. तिच्या अख्ख्या शाळकरी वयात भारताचा आशिया कपचा सामना तिला कधी बघायलाच मिळाला नव्हता.

जुळे_सोलापूरची_आई

बाई, मुलीला शेजारी बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आतेसासूबाईंनी कोझिकोडचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. आता मुलीचा प्रश्न असा की मग २०२५ मध्ये नेमकं वेगळं काय झालं? तिने सामना बघितला नाही, फक्त कात्रणं आहेत.

पीटीच्या_बाई

सांगते. पात्रता थायलंडमध्ये चियांग माईला होती. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्टेला ४-०, इराकला ५-०. गंमत अशी की थायलंडनेही तिन्ही सामने जिंकून बरोबर तितकाच गोलफरक जमवला होता. त्यामुळे ५ जुलैचा शेवटचा सामना सरळ जिंकेल तो जाईल असा झाला. समोर त्यांचं मैदान, त्यांचे प्रेक्षक, आणि थायलंड म्हणजे २०१५ आणि २०१९ चा विश्वचषक खेळलेला संघ.

२९ व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून मारलेला गोल. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच थायलंडची बरोबरी. मुलीला सांगा, खरी परीक्षा इथे होती. जुने संघ इथे ढेपाळायचे, एक गोल खाल्ला की मागोमाग दोन. या वेळी कुणी घाबरून मागे सरकलं नाही. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरनंतर पुन्हा संगीताच, डोक्याने. २-१. शेवटची पंधरा-वीस मिनिटं थायलंड चाल करून येत होतं आणि आपला बचाव जागा सोडत नव्हता. बचावातल्या मुली चेंडूकडे नाही, माणसाकडे बघत होत्या. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले होते. १९८३ ची अंतिम फेरी ज्यांच्याविरुद्ध ज्यांच्या देशात हरलो, त्यांनाच त्यांच्या देशात ४२ वर्षांनी हरवलं, हे वाक्य भाषणात घालायला सांगा. तेव्हाचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री, तेही भारतीयच.

आणि हेही सांगा की त्याआधी सगळं गोड नव्हतं. २०२२ आणि २०२४, दोन्ही सॅफमध्ये आपण उपांत्य फेरीत नेपाळकडून हरलो आणि बांगलादेश विजेता झाला. शेजारी पुढे आलेत, ते चांगलंच आहे, आता दक्षिण आशियातही आपल्याला खरे सामने मिळतात. ऑगस्टमध्ये आपल्या २० वर्षांखालच्या मुलींनीही म्यानमारला १-० ने हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, दोन दशकांनी.

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आशिया कपमध्ये आपला गट जपान, व्हिएतनाम आणि तैवानचा आहे. जपान फार पुढे आहे, पण उरलेल्या दोघांशी आपण लढू शकतो. बारा संघांतून सहा थेट २०२७ च्या ब्राझील विश्वचषकाला जातील, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी गाठली तरी दार उघडं राहतं.

पार्क_चौक_फॉरवर्ड

ताई, मुलीच्या खेळासाठीही एक सांगतो. शाळेला सुब्रतो चषकात नाव द्यायला लावा, त्यात १७ वर्षांखालील मुलींचा गट असतो. जिल्ह्यातून निघालात की पुणे विभागात चांगल्या संघांशी सामने होतात. आणि आमचा मुलांचा संघ रविवारी सकाळी सहाला खेळतो, उन्हं चढायच्या आत. मुलींचा संघ जमत असेल तर आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरांबरोबर सराव सामना ठेवू. बाईंनी शिट्टी घेऊन यावं.

पीटीच्या_बाई

येते. अकरा मुली नसल्या तरी चालेल, सात-सातचा लावू. ताई, लेफ्ट विंगवालीला सांगा, बूट नवे असतील तर दोन दिवस घरात घालून फिरायचं, पहिल्याच दिवशी मैदानावर नाही. आणि भाषणाचा कागद घेऊन ये म्हणावं, मला आधी ऐकायचंय.