आखाजीचं पार्सल ओहायोला गेलंय, तातडीने सांगा

सचिव:
मंडळी, आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया दहा दिवसांवर आली आणि आयर्लंडमधल्या आपल्या डब्लिनच्या मंडळासाठी अमळनेरहून निघालेलं पार्सल काल रात्रीपासून ट्रॅकिंगवर ओहायोत कोलंबसला दिसतंय. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, कळण्याचं पीठ, काळा मसाला, सगळं त्यातच आहे. अमळनेरच्या मावशींनी मांजरपाटात दाभणाने शिवलेल्या त्या पार्सलचा फोटो मी मागवला. पत्त्यात घर आहे, रस्ता आहे, ‘डब्लिन’ आहे, पण आयर्लंड कुठेच नाही. बुकिंगच्या वेळी मावशींच्या भाच्याने गावाचंच नाव सांगितलं, पावतीवर यूएसए छापून आलं आणि ते कोणी वाचलं नाही. कोलंबसला लागूनच एक डब्लिन आहे. मावशी रोज फोनवर विचारतात, “मना बिबडा कथा गयात?” म्हणजे माझे बिबडे कुठे गेले? आता काय करायचं?

भुसावळकर काका:
घाबरू नका. टपालाची पिशवी चुकली तर चुकून मिळालेलं टपाल पुढे योग्य देशाला धाडायचं, असा जागतिक टपाल संघाचा नियमच आहे. माझे वडील भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते. रात्रभर हलत्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, आणि एका नावाची दोन गावं आली की हात थांबायचा. औरंगाबाद तेव्हा महाराष्ट्रातही होतं आणि बिहारमध्येही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो ज्यांनी आणला त्या श्रीराम भिकाजी वेलणकरांचं नाव आमच्या घरात आदराने घेतलं जायचं.

कोषाध्यक्ष:
काका, हा नियम इथे लागू नाही. पिशवी चुकलेली नाही, पत्ता चुकलाय. पावतीवर जो देश आहे तिथेच पार्सल गेलं. अशा वेळी वाटप व्हायच्या आत पत्ता दुरुस्तीचा अर्ज करता येतो, फॉर्म सीएन १७. तो पाठवणाऱ्यानेच, जिथून बुकिंग केलं तिथे द्यायचा. आपण इथून कितीही मेल लिहिले तरी उपयोग नाही. पावतीवर पाठवणारा कोण, मावशी की भाचा, ते आधी कळवा.
आणि कानबाईच्या उत्सवाच्या वेळीच म्हणालो होतो, पार्सल मंडळाच्या नावावर मागवू नका. ४५ युरोपर्यंतची भेटवस्तू करमुक्त असते ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवली तरच. मंडळ ही व्यक्ती नाही. हा पैशाचा विषय आहे, तो माझ्याकडून विचारून घेत चला.

धुळ्याची ताई:
काका, पिन कोडचं निघालंच आहे तर माझंही ऐका. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५४०५. मी इथून भावाला राखी पाठवली तेव्हा धुळ्याचा म्हणून ४२४ ने सुरू होणारा पिन लिहिला. राखी पोळ्यानंतर पोचली. भावाने मनगट मोकळंच ठेवलं होतं तोवर. जिल्हा बघून कोणीही पिन ‘दुरुस्त’ करू नका.
कोषाध्यक्ष भाऊ, मंडळाच्या नावावर पार्सल मी सुचवलं होतं, कारण गेल्या खेपेला एकाच घरी आलेला मसाला वाटायला दोन महिने लागले. तेही लक्षात असू द्या.

चोपड्याचे आप्पा:
पुढच्या पार्सलमध्ये घरचं तूप घालता येईल का? पुरणाच्या मांड्यांवर तूप हवंच.

कोषाध्यक्ष:
नाही आप्पा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून टपालाने आणायला बंदी आहे. तुपाचा डबा सापडला तर तो जाणारच, आणि पार्सल अडकेल ते वेगळं.

भुसावळकर काका:
कोषाध्यक्षांचं बरोबर आहे, पत्ता चुकलाय, मी मान्य करतो. पण पत्ता लिहायची रीत मुलांना कोणी शिकवत नाही. शेवटच्या ओळीत देशाचं नाव, मोठ्या अक्षरांत, एकटं. त्याच्या वर आपला एअरकोड, म्हणजे आयर्लंडचा पिन कोड, तो तर २०१५ पासून प्रत्येक घराला वेगळा आहे. तो लिहिला असता तर कोणीतरी थांबून विचार केला असता. कापडावर लिहिलं तर शाई फाकते, कागदावर छापून वर चिकटपट्टी लावायची.

सचिव:
पावती भाच्याच्या नावावर आहे. तो आज पावती आणि आधार घेऊन पोस्टात गेला, अर्ज दिलाय. पार्सलचा क्रमांक जपून ठेवा म्हणाले. त्याच्या शेवटची आयएन ही दोन अक्षरं पार्सल कुठून निघालं तेवढंच सांगतात, कुठे जाणार ते नाही, हे मला आज कळलं. अर्ज फसला तर चौकशीसाठी सहा महिन्यांची मुदत आहे, तीही भाच्यानेच करायची.
आखाजीपर्यंत पार्सल येणार नाही असं धरून चालू या. कोणाच्या घरी गेल्या वर्षीचे बिबडे असतील तर किलोत कळवा. पुढच्या पार्सलच्या नावाचं रविवारी बसून ठरवू, ताई आणि भाऊ दोघांनी यावं.

चोपड्याचे आप्पा:
माझ्याकडे दीड किलो आहेत, ज्वारीचे, तीळ लावलेले. कागदात गुंडाळून डब्यात ठेवलेत, एकही मोडलेला नाही. तळू की भाजू ते सांगा.