अनुभव धागा : तुमच्या गळ्यात फरक नेमका कशामुळे पडला?

आपल्या सांगली-मिरजेकडं गाण्याच्या गप्पा निघाल्या की त्या किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर जातात, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांवर जातात, घराण्यांवर जातात. घरी सकाळी तानपुरा लावून बसल्यावर आपलं काय होतं, हे मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. "रियाज वाढवा" असं मोघम नको. एक नेमकी गोष्ट लिहा, जी केल्यावर किंवा सोडल्यावर गाणं बदललं.

सुरुवात मी करते. मध्यमा परीक्षेपर्यंत मी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायले, कारण क्लासात सगळ्या मुलींना तीच पट्टी होती. तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला, जाताना हनुवटी वर उचलली जायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. परीक्षेत गुण मिळत होते, त्यामुळं यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. पुढं दुसऱ्या बाईंकडं गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी पेटी मिटून ठेवली आणि तानपुरा अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली उतरवत मला गायला लावलं. म्हणाल्या, "खालचा, मंद्र पंचम दोन हातांवरच्या माणसाला ऐकू आला पाहिजे आणि तार मध्यम लावताना चेहरा बदलता कामा नये. हे दोन्ही जिथं जमेल ती तुझी पट्टी." पांढरी पाच निघाली. मला वाईट वाटलं, पट्टी उतरली म्हणजे आपण उतरलो असं वाटायचं. पण तीन-चार महिन्यांत खर्जात जे भरीवपण आलं ते त्याआधीच्या सहा वर्षांत आलं नव्हतं.

— विश्रामबाग, सांगली

*

ताई, पट्टीचं अगदी पटलं. माझा अनुभव तानपुऱ्याचा आहे.

आजोबांचा तानपुरा घरी पडून होता. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत नेला. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला फार आनंद झाला.) कारागीर काकांनी भोपळ्यावर टिचकी मारून बघितली, मग तारा टेकतात ती घोडी कानसेनं घासली, तार चढवली आणि तारेखाली सुती दोरा सरकवला. तार छेडायची, दोरा केसभर पुढं. पुन्हा छेडायची, केसभर मागं. एका जागी आवाज एकदम फुलला. "आता खर्जाच्या तारेत काय ऐकू येतं सांग," म्हणाले. मी म्हटलं, षड्ज. "अजून ऐक." पाचएक मिनिटांनी ऐकू आला, स्वच्छ गंधार! कुणीही न छेडलेला.

तोवर मी तानपुरा नुसता मागं वाजत ठेवायचो. आता पहिली दहा मिनिटं तोंड उघडत नाही. जोडीच्या तारा ऐकायच्या, खर्ज ऐकायचा, तो गंधार सापडला की मगच सा लावायचा. माझा गंधार कायम चढा लागायचा. कितीही पलटे घोटून जे सुधारलं नाही ते या ऐकण्यानं सुधारलं.

— मिरज

*

मी हरिपूरचा, भजनी मंडळात पंचवीस वर्षं. जरा सविस्तर लिहितो, कारण यातून कुणाचा तरी गळा वाचेल.

आमच्याकडं आवाज म्हणजे जोर. पखवाज, वीस टाळ, आणि त्यावर आपला अभंग पोचवायचा. सप्ताहाच्या सात दिवसांत आवाज बसायचा, हळद-दूध घेतलं की आठ दिवसांत यायचा. एका वर्षी आलाच नाही. दोन महिने घोगरा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी. ऑपरेशनची घाई नको म्हणाले, आधी मौन आणि मग आवाजाचे व्यायाम. मौनात मी घरच्यांशी कुजबुजायचो. डॉक्टर रागावले, कुजबुजण्यानंही तंतूंवर ताण येतो. सारखं खाकरणंही बंद करायला लावलं, प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर आपटतात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं.

आवाजाच्या व्यायामात बाईंनी पाठीवर झोपवलं आणि पोटावर वही ठेवली. श्वास घेताना वही वर आली पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. मग ओठ मिटून म्-कार, मंद्रात, नाकाच्या शेंड्याशी गुणगुण जाणवेल इतका हळू. रोज तीन वेळा पाच-पाच मिनिटं, बस्स. चार महिन्यांनी गाठी मावळल्या.

आता मंडळाकडून मी दोन गोष्टी मागून घेतल्यात. चाल पांढरी एकमध्ये आणि मला माईक. काही जुनी मंडळी नाराज झाली. पण देवाला ऐकू जायला ओरडावं लागत नाही, हे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही.

*

काका, थंडीत गरम पाणी पिऊन गावं का? आणि ज्येष्ठमध?

— इस्लामपूर

*

पाणी गिळल्यावर ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागतच नाही. म्हणून गायच्या आधी पेलाभर पिऊन लगेच उपयोग नाही, दिवसभर पीत राहावं लागतं. वाफ मात्र थेट पोचते. ज्येष्ठमधानं मला बरं वाटतं, एवढंच सांगतो.

— हरिपूर

*

तासगावहून. द्राक्षबाग आहे, त्यामुळं छाटणीपासून माल जाईपर्यंत तासभर रियाज हे स्वप्नच. फवारणीच्या दिवशी तर गातच नाही, घसा चरचरतो.

मी वीस मिनिटं धरली आणि ती मोडली नाहीत. पहाटे मोटर चालू करायला गेलो की शेडमागं, मोबाईलवर तानपुरा लावून. पण खरा फरक रेकॉर्डिंगनं पडला. स्वतःचं गाणं ऐकवत नव्हतं, दोन ओळींत बंद करायचो. मग ठरवलं, एकच ओळ रेकॉर्ड करायची आणि तीनदा ऐकायची. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, माझ्या प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर उतरतो. श्वास संपत आला की मी तो स्वर सोडूनच देत होतो. आणि श्वास कुठं घेत होतो? 'चंद्रभागा' शब्दात, 'चंद्र' झाल्यावर! नदीचे दोन तुकडे. आता नवी रचना घेतली की आधी ती नुसती बोलून बघतो, आईला सांगितल्यासारखी. जिथं बोलताना थांबतो तिथंच वहीत पेन्सिलीनं खूण आणि तिथंच श्वास.

*

तासगावकर दादांनी फार मोलाचं लिहिलंय. नाट्यपदं शिकताना आमचे गुरुजीही आधी पद बोलायला लावायचे. "कुणाला म्हणतेस? तो कुठं उभा आहे?" याचं उत्तर आल्याशिवाय सूर लावू द्यायचे नाहीत. हरकती आपोआप कमी होतात. समोर माणूस दिसायला लागला की नको तिथं मुरकी घ्यावीशी वाटत नाही.

— गावभाग, सांगली

*

सगळ्यांचं वाचलं. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर शिकायला लागलो, त्यामुळं गळ्याची तयारी अशी नाही. ऐकलं मात्र भरपूर. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणी होतात. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर तिथंच आहे. चिंचेच्या झाडाखाली सतरंजीवर बसून मी तरुणपणी रात्री काढल्यात.

एका पहाटे एक गायक आले. तासभर आधी द्रुत तानांनी अंगण दणाणलं होतं. यांनी सा लावला आणि सोडला. पुन्हा लावला, थोडा हळू. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मागं भांडी घासणाऱ्या पोराचा हात थांबला. मग निषाद, तोही जणू विचारून घेतल्यासारखा. रिषभावर यायला किती वेळ गेला कुणास ठाऊक, कुणी जागचं हललं नाही.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गुरुजींनी विचारलं, काय शिकायचंय? मी म्हटलं, सा. गेली चार वर्षं तोच लावतोय. परवा नातीनं पलीकडच्या खोलीतून तो ऐकला आणि येऊन शेजारी बसली.

— मिरज, ब्राह्मणपुरी