‘अक्षर वाईट’ म्हणून मार खाल्लेली मुले: आपले अनुभव लिहावेत

आर्वीची ताई:
दिवाळीच्या साफसफाईत धाकट्या भावाची तिसरीतली दुरेघी वही सापडली. पेन्सिल इतकी दाबलेली, की पानाच्या मागून बोट फिरवले तरी अक्षरे हाताला लागतात. ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे, निम्म्या शब्दांवर शिरोरेषाच नाही. पाढे मात्र तो न अडखळता म्हणत असे. आम्ही त्याला आळशी ठरवले आणि रोज दहा पाने शुद्धलेखन लिहून घेतले. आपल्याकडेही असे कोणी होते का?

दारव्ह्याचे गुरुजी:
ताई, मी आता तोंडी आणि लेखी उत्तरांतील अंतर पाहतो. पाच मिनिटे गोष्ट रंगवून सांगणारे मूल कागदावर दोन ओळींतच थांबत असेल, फळ्यावरून उतरवताना अक्षरागणिक मान वर करत असेल किंवा बोटे दुखतात म्हणत असेल, तर त्याची नोंद ठेवतो. मात्र पहिली-दुसरीत उलटी अक्षरे येणे नेहमीचेच आहे, म्हणून घाईने शिक्का मारू नये. आधी डोळे तपासावेत; माझ्या वर्गातील एका मुलीची ओळ चष्मा लागताच सरळ झाली.

काटोलची आई:
माझ्या मुलाला तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला दोरी बांधता येत नव्हती, शर्टाच्या गुंड्याही मीच लावत असे. हे आणि वाईट अक्षर एकाच दुखण्याचे धागे असतील, असे तेव्हा सुचलेच नाही. तपासणीसाठी नागपूरला चार खेपा झाल्या, सोयाबीनच्या सोंगणीत मजुरी बुडाली. शेवटी ‘डिसग्राफिया’, म्हणजे लिहिण्यात अडचण आणणारी अध्ययन अक्षमता, निघाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता येते, त्यामुळे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ मागता येतो, हे मला तिथेच कळले.

पुसदचा वाचक:
मी स्वतः तो मुलगा आहे. हातावर बसलेल्या छडीने अक्षर सुधारले नाही. फक्त मी कमी लिहू लागलो, म्हणजे चुकाही कमी दिसत.

आर्वीची ताई:
दादा, आपले वाचून भावाला वही दाखवली. तो आता खतांचे दुकान चालवतो. वही चाळून म्हणाला, “ही जाळून टाक ना ताई.” दुकानाची उधारी आजही भावजयच लिहिते.