मदत हवी आहे: मे महिन्यात दोन टीनएजर मुलांसह युरोपात गाडीने, दहा रात्री

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, सोळा वर्षांची लेक आणि तेरा वर्षांचा मुलगा) पुण्याहून युरोपला जायचं म्हणतोय. हातात दहा रात्री आहेत, त्याहून जास्त रजा मिळणार नाही. टूर कंपनी नको हे मुलांनी आधीच जाहीर केलंय. "पहाटे वेकअप कॉल आणि बसमध्ये अंताक्षरी असेल तर आम्ही आजीकडे राहतो," असं शब्दशः उत्तर मिळालं. तेव्हा गाडी भाड्याने घेऊन आपणच चालवायची यावर घरात एकमत आहे. बाकी कशावरच नाही.

नवऱ्याने एक्सेलमध्ये आराखडा केलाय: झुरिक, ल्युसर्न, इंटरलाकन, डोलोमाइट्स (इटलीतले डोंगर), व्हेनिस, ब्लेड (स्लोव्हेनियातलं गाव), साल्झबुर्ग, म्युनिक. पाच देश, आठ मुक्काम. लेकीने तो फोनवर बघितला आणि म्हणाली, "बाबा, हे डिलिव्हरी बॉयचं शेड्यूल आहे." बाबा दोन दिवस गप्प. मला विचाराल तर मुलगी बरोबर आहे, पण एवढं विमानाचं भाडं घालून जायचं आणि स्वित्झर्लंड सोडायचं, हे नवऱ्याला पटवायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. ते तुम्ही द्याल अशी आशा.

मुलांची आवडनिवड अशी. लेकीला जुनी शहरं चालतात, इतिहास आवडतो, फोटो तर लागतातच. पण एका दिवसात एकच म्युझियम. धाकट्याला पाणी, गुहा, उंची, वेग यातलं काहीही चालेल. दोघंही सुट्टीत नऊच्या आत उठत नाहीत आणि मी त्यांना उठवणार नाही, माझीही सुट्टी आहे.

गाडीबद्दल: आम्ही दोघंही चालवतो, घाटातही. पण उजव्या बाजूने कधीच चालवलेली नाही. भारतातलं लायसन्स पुरतं का, आंतरराष्ट्रीय परवाना कधी काढायचा, व्हिसा कोणत्या देशाचा मागायचा, टोलचं काय, चार मोठ्या बॅगा नेमक्या कोणत्या गाडीत बसतात, हे सगळं जाणकारांनी सांगावं. मी शाकाहारी, बाकीचे तिघं काहीही खातात.

इसारकाठचा

म्युनिकमध्ये राहतो, दर उन्हाळ्यात पाहुण्यांचे आराखडे दुरुस्त करतो, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो. राग नसावा.

आधी डोलोमाइट्स. मे महिन्यात ते काढाच. हिवाळ्याचा हंगाम एप्रिलमध्ये संपतो आणि उन्हाळ्याचा जूनमध्ये सुरू होतो. मधल्या काळात बहुतेक रोपवे देखभालीसाठी बंद, वरची हॉटेलं बंद, उंचावरच्या पायवाटांवर बर्फ. फोटोत दिसतात ते डोलोमाइट्स जून अखेरचे किंवा सप्टेंबरचे असतात. आपली शाळेची सुट्टी नेमकी या खिंडीत सापडते.

स्वित्झर्लंड: मोटरवेसाठी तिथे फक्त वर्षाचा व्हिन्येट (टोलचा पास) मिळतो, ४० फ्रँक, मग तुम्ही दोन दिवस फिरा की दोनशे. ती रक्कम मोठी नाही. खरा फटका एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडण्याचा बसतो. झुरिकला घेऊन म्युनिकला परत केलीत तर त्या एका कलमात दोन रात्रींचं हॉटेल निघेल. आणि तिथलं सौंदर्य आगगाडीतून जास्त चांगलं दिसतं. ते दोघांनी नंतर कधीतरी मुलांशिवाय करावं (हा मुद्दा नवऱ्यासाठी).

माझी सूचना: मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. म्युनिकमध्ये तीन रात्री, आल्प्समधल्या बेर्श्टेसगाडेनला तीन, स्लोव्हेनियात तीन, परत येऊन शेवटची रात्र म्युनिक विमानतळाजवळ. गाडी घेतली तिथेच परत. म्युनिकमध्ये असताना गाडी घेऊच नका. पार्किंगचे पैसे आणि डोक्याला ताप. चौघांना मिळून एक दिवसाचं ग्रुप तिकीट काढा, त्यात यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), ट्राम, बस सगळं चालतं. शहर सोडायच्या सकाळी गाडी ताब्यात घ्या.

व्हिसाचं उत्तरही यातच आहे. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. बेर्श्टेसगाडेन जर्मनीतच येतं, म्हणजे जर्मनीत सात आणि स्लोव्हेनियात तीन. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; मे महिन्याच्या अपॉइंटमेंटा लवकर संपतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच बघा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचं पत्र तयार ठेवा.

तारखांबाबत एक: पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतर बव्हेरियाच्या (म्युनिक ज्यात येतं त्या राज्याच्या) शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते आणि अख्खं राज्य गाड्या काढून दक्षिणेकडे सुटतं. सुट्टी लागते त्या शनिवारी साल्झबुर्गच्या दिशेने जाणाऱ्या ए-आठ मोटरवेवर सापडलात तर अंताक्षरी खेळावीच लागेल. सणाची तारीख दरवर्षी बदलते, तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.

घाटमाथा

परवान्याबद्दल. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टबरोबर व्हिसाची प्रतही लागते, म्हणजे आधी व्हिसा, मग हा. दोघांचाही काढा आणि मूळ लायसन्स बरोबर ठेवा. नुसत्या परवान्याला काही अर्थ नाही. भाड्याच्या करारात दुसऱ्या चालकाचं नाव घालायचे थोडे पैसे पडतात, पण घाला. नाव नसताना चालवलं आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

गाडी घेताना क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं लागतं. डेबिट कार्डावर बरेच जण गाडी देत नाहीत. अनामत रक्कम कार्डावर अडकून राहते, त्यामुळे मर्यादा आधी वाढवून घ्या. आणि ऑटोमॅटिकच घ्या, महाग पडली तरी. उजव्या हाताने गिअर, डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि समोरून उलट्या बाजूने वाहतूक, तिन्ही एकाच दिवशी शिकायची गरज नाही.

मोटरवेवर उजव्या बाजूची सवय अर्ध्या तासात होते, सगळे एकाच दिशेने जात असतात. गडबड होते ती रिकाम्या रस्त्यावर: सकाळी पार्किंगमधून बाहेर पडताना, पेट्रोल भरून निघताना, किंवा निर्मनुष्य चौकात डावीकडे वळताना. हात आपोआप जुन्या बाजूला जातो. हे काम धाकट्याकडे सोपवा, प्रत्येक वळणावर "उजवीकडे!" असं ओरडायचं. मुलं हे फार आनंदाने करतात.

अजून एक. छोट्या गावांत, पाटी-सिग्नल काही नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. गल्लीतून आलेला असला तरी. तो माणूस तुमच्याकडे न बघता सरळ येणार, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोनावर उभा दिसला की समजा, तुमचा रस्ता मुख्य आहे. मोटरवेवर वाहतूक तुंबली की सगळ्यात डाव्या लेनने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं आणि मधे ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी ठेवायची. आवाज ऐकू आल्यावर नाही, गाड्या मंदावल्या की लगेच. न करणाऱ्याला दंड आहे.

पंपावर "बेन्झीन" म्हणजे पेट्रोल, बरं का. डिझेल समजून घेऊ नका.

खादाड_काकू

शाकाहाराची काळजी नको. चीज घातलेले श्पेट्झले (जाड, मऊ शेवया), साल्झबुर्गकडे कासनॉकन (चीजमधले पिठाचे छोटे गोळे), स्लोव्हेनियात श्ट्रुक्ली (सारण भरलेल्या गुंडाळ्या), आणि गोड म्हणून कायझरश्मार्न (तुकडे केलेला फुगीर पॅनकेक). आमच्याकडे मुलांनी तोच दोन वेळचं जेवण म्हणून खाल्ला. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, म्हणजे दुपारचा वरणभात तरी होतो. फक्त रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात किराणा दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड भरून ठेवा.

सामानाबद्दल मात्र नीट वाचा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा घरी ठेवा. मेतकूट, चटण्या, भडंग, तेलाचे ठेपले चालतात. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, त्यात कढीपत्ता आला आणि मे महिना असल्याने मुद्दाम सांगते, हापूसही आला.

इसारकाठचा

दरवर्षी कुणीतरी पेटी आणतो म्हणतं आणि दरवर्षी मला नको म्हणावं लागतं. काकू, दुखरी नस दाबलीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवले. "मुलांशिवाय स्वित्झर्लंड" या वाक्यावर नवरा विरघळला. मुलांनी त्याच वाक्यावर हरकत घेतली, पण ती फेटाळण्यात आली.

तर म्युनिक, बेर्श्टेसगाडेन, स्लोव्हेनिया नक्की. आता पुढचे प्रश्न. लेकीला डाखाऊ (म्युनिकजवळची नाझी छळछावणी) बघायचंय. धाकट्याला नेऊ का? बेर्श्टेसगाडेनला तीन रात्री मुलं कंटाळणार नाहीत ना? ऑस्ट्रियातलं हॉलश्टाट करावं का? आणि ब्लेडहून पुढे सोचा नदीकडे जायला व्हर्शिच घाट मे महिन्यात उघडा असतो का? मुलाने तिथलं राफ्टिंग शोधून ठेवलंय आणि आता माघार नाही.

इसारकाठचा

डाखाऊची छळछावणी मार्च १९३३ मध्ये सुरू झाली, नाझींची पहिल्या काहींपैकी एक आणि पुढच्या सगळ्यांचा नमुना. प्रवेशाला पैसे नाहीत. मार्गदर्शकाबरोबरची फेरी तेरा वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे, म्हणजे तुमचा मुलगा जेमतेम बसतो. तो स्वतः येतो म्हणाला तर न्या, ओढून नेऊ नका. नाहीतर तुम्ही दोघी जा आणि त्या दोघांना डॉइचेस म्युझियमला (विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय) सोडा. त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका.

बेर्श्टेसगाडेनला उलट दिवस कमी पडतील. तिथली मिठाची खाण १५१७ पासून चालू आहे: अंगावर खाणकामगाराचे कपडे चढवून छोट्या आगगाडीने डोंगराच्या पोटात शिरायचं, लाकडी घसरगुंड्यांवरून खाली यायचं, तराफ्यातून जमिनीखालचं तळं ओलांडायचं. क्योनिगझे तलावावर १९०९ पासून विजेवरच्या बोटी आहेत; मधे बोट थांबवून नावाडी कड्याकडे तोंड करून तुतारीसारखं वाद्य वाजवतो आणि प्रतिध्वनी येतो. तासाभरावर वेर्फनची बर्फाची गुहा आहे, मे ते ऑक्टोबर उघडी. आत सातशे पायऱ्या आणि तापमान शून्याच्या आसपास, जॅकेट न्याच. आत फोटो काढता येत नाहीत, हे लेकीला आधी सांगा.

हॉलश्टाट मी सोडेन. जेमतेम साडेसातशे वस्तीचं गाव आणि दिवसाला त्याच्या कितीतरी पट माणसं. नऊच्या आत उठणार नसाल तर पार्किंगच मिळायचं नाही.

घाटमाथा

व्हर्शिच (१६११ मीटर, पन्नास वळणं) मे महिन्यात बहुधा उघडा असतो, पण उशिरा बर्फ पडला की बंद होतो. निघायच्या सकाळी स्थिती बघा. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. १९१६ मध्ये हिमलोटात त्यातले बरेच गाडले गेले. त्यांच्या आठवणीतलं लाकडी चॅपल वाटेत क्रान्स्का गोराच्या बाजूला आहे, लेकीला आवडेल. उतरलात की बोवेट्स, तिथेच राफ्टिंग. मेमध्ये बर्फ वितळून नदीला जोर असतो, वयाची अट आधी विचारून घ्या.

घाट बंद असला तर इटलीतल्या तार्विझियोवरून प्रेडेल खिंडीने बोवेट्सला जाता येतं. म्हणून गाडी घेताना ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाबरोबर इटलीचंही नाव करारात घाला, जायचं नक्की नसलं तरी. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

टोल: जर्मनीत कारला नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाचे व्हिन्येट वेगवेगळे, दोन्ही डिजिटल मिळतात. गाडीचा नंबर लागतो म्हणून गाडी हातात आल्यावरच काढा, अधिकृत ठिकाणाहूनच. त्याखेरीज साल्झबुर्गहून दक्षिणेला टाउर्न बोगद्यांचा आणि सीमेवरच्या कारावान्केन बोगद्याचा टोल निराळा. व्हिन्येटशिवाय स्लोव्हेनियात पकडलं तर दंड तीनशे युरोंपासून सुरू होतो.

बॅगांसाठी "कॉम्बी" मागा, म्हणजे लांब डिकीची स्टेशन वॅगन. एसयूव्ही दिसायला मोठी, पण चार मोठ्या बॅगा घातल्या की पाचवी सॅक मांडीवर. आणि शक्य असेल तर चारांऐवजी तीनच बॅगा न्या, अपार्टमेंटमध्ये वॉशिंग मशीन असतं.

धागाकर्ती

इटलीचं नाव घालायचं मला खरंच सुचलं नसतं. कॉम्बी आजच बघते. तीन बॅगांचा प्रस्ताव मांडलाय, लेक विचार करून सांगणार आहे. बोवेट्सला राहावं की ब्लेडलाच तिन्ही रात्री काढाव्यात, यावर कुणाचा अनुभव असेल तर लिहा. मुक्काम या शनिवार-रविवारी बुक करायचे आहेत.

घाटमाथा

दोन ब्लेडला, एक बोवेट्सला. राफ्टिंग करून ओल्या अंगाने परत पन्नास वळणं चढायला नकोत.