घरच्या पडद्यावर सपाट ब्ल्यू-रे सरस की थ्रीडी?

छायाप्रकाश (धागाकर्ता):

घरी चित्रपट पाहायचा असेल तर सपाट, म्हणजे नेहमीच्या द्विमितीय चित्राची ब्ल्यू-रे डिस्क त्रिमितीय (थ्रीडी) डिस्कपेक्षा सरस ठरते, असे माझे ठाम मत आहे. मी चित्रपटगृहाविषयी बोलत नाही, बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीविषयी बोलतो आहे. त्रिमितीय ब्ल्यू-रेचे निकष डिसेंबर २००९ मध्ये ठरले, पुढच्याच वर्षी थ्रीडी टीव्ही दुकानांत आले आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणे सोडूनही दिले. लोक चष्म्याला कंटाळले, असे कारण सहसा सांगितले जाते; मला मात्र उणीव चित्रातच दिसते.

पहिली उणीव उजेडाची. त्रिमितीसाठी दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवावी लागतात. शटरच्या चष्म्यात त्यासाठी दोन्ही काचा आळीपाळीने उघडतात आणि मिटतात, त्यामुळे प्रत्येक डोळा निम्म्याहून कमी वेळ पडदा पाहतो, शिवाय उघडी काचही थोडा प्रकाश शोषतेच. ध्रुवीकरणाच्या साध्या चष्म्यात ही उघडझाप नसते, पण तिथे पडद्यावरच्या एकाआड एक ओळी डाव्या-उजव्या डोळ्यांना वाटून दिलेल्या असतात, म्हणजे १०८० ओळींच्या टीव्हीवर एका डोळ्याच्या वाट्याला ५४० ओळीच येतात. सपाट डिस्क लावली की सगळा उजेड आणि सगळ्या ओळी दोन्ही डोळ्यांना मिळतात.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. दूरची वस्तू दाखवण्यासाठी डाव्या आणि उजव्या चित्रांत आडवे अंतर ठेवावे लागते. थेट क्षितिज दाखवायचे तर ते आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढे, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर असावे लागते. १० मीटर रुंद पडद्यासाठी असे बसवलेले चित्र ५५ इंची टीव्हीच्या साधारण १२० सेंटीमीटर रुंदीत आणले की ६५ मिलिमीटरचे जेमतेम ८ उरतात. अडीच मीटरवर बसलेल्या प्रेक्षकासाठी हिशेब मांडला तर ते क्षितिज पडद्यामागे केवळ ३५ सेंटीमीटरवर येते. चित्राच्या एवढ्याशा खोलीसाठी निम्मा उजेड गमावणे मला पटत नाही.

दुहेरी दृष्टी:

असहमत. आपण दाखवलेले उजेडाचे आणि ओळींचे दोष टीव्हीचे आहेत आणि ठपका मात्र डिस्कवर येतो आहे. त्रिमितीय ब्ल्यू-रेमध्ये एका डोळ्याचे चित्र नेहमीच्या पद्धतीने पूर्ण साठवलेले असते आणि दुसऱ्या डोळ्यासाठी त्याच्याशी असलेला फरक तेवढा नोंदवला जातो. दोन्ही चित्रे बहुतांशी सारखीच असल्याने दुप्पट जागा लागत नाही, साधारण दीडपट पुरते. म्हणूनच सपाट डिस्कवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटची जी मर्यादा होती, ती इथे ६० पर्यंत वाढवली गेली. प्रत्येक डोळ्याला १९२० गुणिले १०८० बिंदूंचे पूर्ण चित्र मिळते. वाहिन्यांवरून शेजारी-शेजारी ठेवून पाठवल्या जाणाऱ्या त्रिमितीत आडवे बिंदू निम्मे होत असत, पण तो प्रक्षेपणाचा प्रश्न होता. ईएसपीएनची थ्रीडी वाहिनी २०१३ मध्ये बंद झाली, बीबीसीनेही त्याच वर्षी आपले त्रिमितीय कार्यक्रम थांबवले. डिस्कची पारख त्या अर्ध्या चित्रावरून करू नये.

५४० ओळींची तक्रार खरी होती, आणि तिच्यावर उपायही निघाला होता. एलजीच्या २०१६ मधल्या काही ४के (चौपट बिंदूंच्या) ओलेड टीव्हींत २१६० ओळी दोन डोळ्यांत वाटल्या जात, म्हणजे साध्या, हलक्या, विना-बॅटरीच्या चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला पूर्ण १०८० ओळी दिसत. डिस्कला तोलामोलाचा टीव्ही मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो बनणे थांबले, याचे मला आजही वाईट वाटते.

खोलीचा आपला हिशेब बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मी उलटा काढतो. त्रिमिती पाहताना बुबुळे एका अंतरावर वळतात आणि डोळ्यातले भिंग पडद्याच्या अंतरावर स्थिरावलेले असते. या ओढाताणीने डोके दुखते. घरी चित्राची खोली कमी, म्हणून ओढाताणही कमी. आणि क्षितिज किती दूर गेले, यावर मी त्रिमितीची किंमत ठरवतच नाही. ती दोन चेहऱ्यांमधल्या अंतरात, गर्दीच्या थरांत कळते. ‘ह्यूगो’ (२०११) मुळातच दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांनी टिपला होता. त्यातले रेल्वे स्थानक सपाट डिस्कवर पाहिले की दिग्दर्शकाने केलेल्या मांडणीतला एक भागच निघून जातो. घाईघाईने सपाटाचे त्रिमितीय केलेले चित्रपट टाकाऊ होते, याबद्दल आपला वाद नाही.

मधली रांग:

तांत्रिक बाजू आपण दोघांनी मांडलीच आहे, पण घरी चित्रपट चारचौघे मिळून पाहतात. लहानपणच्या तिरळेपणामुळे ज्यांना दोन डोळ्यांनी खोली जाणवतच नाही, त्यांच्यासाठी त्रिमितीय डिस्क म्हणजे फक्त अंधूक चित्र. नंबरच्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून दोन-अडीच तास बसणे सोपे नाही, आणि सुरुवातीच्या काळात एका कंपनीचा शटरचा चष्मा दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला चालतही नसे. माझे मत सपाट डिस्कला.

छायाप्रकाश:

@दुहेरी दृष्टी, २०१६ मध्ये जी ४के ब्ल्यू-रे आली, तिची क्षमता ६६ आणि १०० गिगाबाइट असूनही तिच्या निकषांत त्रिमितीला जागा नाही. त्याऐवजी तिने एचडीआर दिले, म्हणजे काळोख्या खोलीतल्या खिडकीचा लखलखाट आणि कोपऱ्यातला अंधार एकाच चित्रात. ही झळाळीच माझ्या डोळ्यांना चित्राची खोली दाखवते, आणि चष्मा नेमकी तीच खातो. एकाच पैशात एक डिस्क घ्यायची तर मी ४के सपाट घेईन.

दुहेरी दृष्टी:

ती जरूर घ्यावी, माझ्याकडेही आहेत. पण ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’ची त्रिमितीय डिस्क २०२३ मध्ये निघाली, त्या अर्थी हा प्रकार पूर्ण मोडीत निघालेला नाही. थ्रीडी दाखवणारे डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारे) प्रोजेक्टरही मिळतात. १०० इंची पडद्याची रुंदी सुमारे २.२ मीटर, तीन मीटरवर बसून आपलाच हिशेब लावला तर ते क्षितिज पडद्यामागे ८५ सेंटीमीटरवर जाते. ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी प्लेअर आधी तपासावा: प्लेस्टेशन ४ त्रिमितीय डिस्क त्रिमितीत दाखवतो, प्लेस्टेशन ५ दाखवत नाही.